केसांचं कुंपण

बियांची पाकिटं कर्णिकसाहेबांच्या भाच्यानं धाडली,
समुद्रापलीकडून. प्रत्येकावर शिंगवालं हरण छापलेलं.
"रूपजी, मागच्या अंगाला पेर, नाल्याच्या कडेनं.
मुळा आहे, सलगम आहे, मोहरीच्या जातीचा कसलासा पाला.
हरणं येतील. नुसती बघायची."

नुसती बघायला बंगल्याला गच्ची आहे.
नुसती बघायला कुणी ऐनाच्या झाडावर मचाण बांधत नाही
वारा कुठून येतो ते तीन तीनदा विचारून.

मी पेरलं.
पगारी माणूस हातात दिलेलं पेरतो.
दिवाळी उलटली होती, येऊरचं गवत पिवळं पडत होतं,
आणि मधे ही एवढी पट्टी हिरवी,
दुसऱ्याच्या घरातून ढापलेल्या सतरंजीसारखी.

भाच्यानं फोनवर सांगितलं:
बर्फ पडला की पाला गोड होतो, मग जनावर हटत नाही.
साहेब रोज सकाळी पान तोडून चावायचे,
थुंकायचे.
आमच्याकडे थंडी म्हणजे चिमीच्या डोक्याला मफलर
आणि गेटावरच्या वॉचमनची शेकोटी.
बर्फ उसाच्या रसात पडतो, खाली उपवनला.

बापाला हे सगळं येत होतं.
उंबर पिकला की तो खाली दबून बसायचा,
श्वाससुद्धा उसना घेतल्यासारखा.
त्याला काही पेरावं लागलं नाही, पेरायचं काम जंगलाचं.
भेकराचं मटण मी खाल्लंय. सात वर्षांचा होतो.
हाडाला चिकटलेली ती चव अजून दाढेखाली आहे.
भूक होती, म्हणून माफ, असं काही मी म्हणत नाही.
मचाणावर मात्र थर्मास होता, बिस्किटं होती,
आणि गोल्फच्या पिशवीत काहीतरी लांब,
ज्याला कॅमेऱ्यासारखी काच नव्हती.

वर्तकनगरला शमशुद्दीनचं सलून आहे.
दर रविवारी मी तिथून गोणी भरून केस आणायचो.
"नारळाला घालतोस काय रे?"
"नारळाला."
बँकवाल्यांचे केस, हवालदाराचे, लग्नाला उभ्या पोराचे,
कुणाच्या तान्ह्याचं जावळ, कापसासारखं,
ते मात्र टाकताना हात अडखळला.
पट्टीच्या चहूबाजूंनी मातीत मिसळून दिले.
माणसाचा वास. यापेक्षा उंच कुंपण
मला माहीत नाही.

साहेब अकरा रात्री बसले.
साळिंदर आलं, मुळे उकरून गेलं.
रानडुकरं आली, ती कुणालाच घाबरत नाहीत.
हरणानं पाय ठेवला नाही.
साहेबांना डास चावले, पाठ धरली,
संक्रांतीनंतर ते घोडबंदरच्या फ्लॅटवर गेले ते गेलेच.
मुळ्याला फुलं आली, मग शेंगा.
चिमीनं डिंगऱ्या टोपलीत भरून जांभळी नाक्यावर नेल्या,
वाटा वीस रुपये, दुपारच्या आत खलास.
"कुठल्या गं एवढ्या कोवळ्या?" बायका विचारायच्या.
"जंगलातल्या," म्हणायची, खोटंही नव्हतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरा माणूस ठरलो असतो.

पण एका पहाटे मी नाल्याकडचा कोपरा झाडून काढला,
केस वेचले, वर शेण सारवलं,
आणि ऐनाच्या बुंध्याशी दबून बसलो.
खाली ठाण्याचे दिवे अजून चालू होते.
भेकर आलं. मादी. एक कान फाटलेला.
पाकिटावरच्या हरणाशी तिचं काही नातं नव्हतं.
कडू पाला. तिनं तीन पानं खाल्ली,
चौथं तोंडात धरून माझ्या दिशेला बघितलं.

माझ्या हातात काहीच नव्हतं.
तरी उजव्या हाताचं बोट
सावकाश वाकलं.